पावसापूर्वींची शेती : भिवंडी तालुक्यांतील वसंत

वसंत ऋतूचें नांव काढलें कीं, शिकलेल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर आणि मंद वारा एवढेंच उभें राहतें. शेतकऱ्याचा वसंत याहून पुष्कळ निराळा असतो. शहरांत अशी एक समजूत आढळते कीं, दिवाळीच्या सुमारास भाताचें पीक घरांत आलें म्हणजे कोंकणांतील शेतकरी मृगापर्यंत मोकळा. त्यानें लग्नांस जावें, जत्रा कराव्यात आणि आंब्याखालीं बाज टाकून निजावें. माझा सारा जन्म भिवंडी तालुक्यांतील शाळांतून मुलें शिकविण्यांत गेला आणि घरची दोन एकर भातशेती मीं सुटीच्या दिवसांत सांभाळली. शाळेची मोठी सुटी नेमकी याच दिवसांत येत असल्यामुळें हीं कामें मला पहिल्या हातानें करावयास मिळालीं. त्यावरून मला असें सांगावयाचें आहे कीं, श्रावणांत जें हिरवें पीक आपणांस आगगाडीच्या खिडकींतून दिसतें, त्याचें बरेंवाईट माघ ते वैशाख या कोरड्या महिन्यांतच पुष्कळसें ठरून गेलेलें असतें.

प्रथम जमीन कशी आहे तें पाहूं. भिवंडी तालुक्याच्या उत्तरेकडून तानसा नदी वाहते व दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आहे. खाडीकांठची जमीन सखल आणि खारट. पडघ्याकडे जावें तसतसे माळ आणि टेकड्या लागतात. वर्षाकांठीं सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने आकाशांतून थेंबहि येण्याची आशा नसते. अशा ठिकाणीं लहान कुटुंबाच्या शेतीचे तीन भाग असतात. बांध घालून पाणी अडविलेलीं भाताचीं खाचरें हा पहिला. उतारावरची वरकस जमीन हा दुसरा. येथें नाचणी, वरी आणि गवत होतें. घरामागचें परसूं हा तिसरा. हे तीन भाग एकमेकांस पोसतात. वरकसावरचें गवत गुरें खातात, गुरांचें शेण खाचरांत जातें, आणि खाचरांतील पेंढा पुन्हां गुरांस मिळतो. वसंतांतील बहुतेक सारीं कामें म्हणजे या तीन भागांमधील देवघेव पुरी करणें होय.

वसंताची सुरुवात वालाच्या काढणीनें होते. कार्तिकांत भात कापल्यानंतर जमिनींत जो ओलावा उरतो, तेवढ्यावरच वाल वाढतो. त्याला पाटाचें पाणी लागत नाहीं. खालची ओल आणि रात्रींचें दंव त्याला पुरतें. शिवाय वालाच्या मुळांवर बारीक गांठी असतात व त्यांतील सूक्ष्म जंतू हवेंतील नत्र जमिनींत आणून ठेवतात. म्हणजे कुटुंबाला कडधान्य मिळतें आणि पुढील भाताला थोडें खतहि मिळतें. माघाच्या अखेरीस शेंगा वाळूं लागतात. त्या उन्हांत उपटल्या तर तडकून दाणे शेतांतच सांडतात, म्हणून घरांतील बायका पहांटेस, झाडें दंवानें नरम असतांनाच कामास लागतात. पुढें खळ्यांत काठीनें झोडणें, वाऱ्यावर उफणणें आणि राख चोळून मडक्यांत भरणें हीं कामें आठ-पंधरा दिवस चालतात. उफणणीला वारा लागतो. तो पडला तर सूप हातांत धरून त्याची वाट पाहत बसावें लागतें. आपल्या घरीं वालाचें बिरडें होत असेल, तर त्या सोललेल्या दाण्यामागें एवढी खटपट आहे हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां मुख्य कामाकडे वळतों. तें काम म्हणजे राब. भाताचें बीं एकदम सर्व शेतांत टाकीत नाहींत. आधीं लहानशा जागेंत दाट रोपें तयार करितात व मग तीं उपटून खाचरांत लावतात. रोपांच्या या जागेस आमच्याकडे दाढ म्हणतात. एक एकर लावणीस सुमारें चार गुंठे दाढ पुरते. म्हणजे शेताच्या दहाव्या हिश्श्यांत सगळ्या शेताचें भवितव्य असतें. त्या जागेवर शेण, फांद्या, पाला व गवत पसरून तें सर्व जाळणें यास राब भाजणें म्हणतात.

ऐकावयास हें सोपें वाटतें, पण त्याची तयारी तीन महिने चालते. ऐनासारख्या झाडांचीं पानें झडण्यापूर्वींच त्यांच्या लहान फांद्या छाटून भारे बांधून ठेवावे लागतात. या छाटलेल्या फांद्यांना कवळ म्हणतात. पुढें पानगळ झाली कीं, बायका व मुलें झाडांखालचा पातेरा झाडून पाट्यांतून वाहून आणतात. गोठ्यांतील शेणहि दररोज थोडथोडें बाजूस काढून वाळवितात. होळी झाल्यावर थर घालावयास सुरुवात होते. तळाशीं फोडलेलें शेण, त्यावर फांद्या, त्यावर पातेरा व गवत, आणि सर्वांच्या वर बारीक मातीचा पातळ थर. ही माती कशाकरितां, असा प्रश्न मुलें नेहमीं विचारीत. तिचें कारण असें कीं, आग भडकून वर जाऊं नये. ती दबून, धुमसत, जमिनीला शेक देत राहावी. याच हेतूनें वारा पडलेला असेल अशी वेळ पाहून, वाऱ्याच्या उलट बाजूनें विस्तव लावतात. वारा जिकडून येतो तिकडून आग लावली, तर क्षणांत सारें जळून जातें आणि खालची माती थंडच राहते. राब नीट भाजला कीं नाहीं, हें जाणता शेतकरी राखेच्या रंगावरून आणि माती बोटांनीं चुरून सांगतो. कल्याणहून कसाऱ्याकडे जातांना मे महिन्यांत रुळांच्या दोहों बाजूंस पिवळ्या माळांत जे काळे चौकोन दिसतात, ते हेच.

या भाजण्यानें होतें काय? एके काळीं पुष्कळ अधिकाऱ्यांना हा निव्वळ अडाणीपणा वाटे. परंतु पुढें शास्त्रज्ञांनीं त्याकडे गंभीरपणें पाहिलें. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें रसेल व हचिन्सन या दोघांनीं १९०९ सालीं असें दाखविलें कीं, माती तापविली असतां तींतील सूक्ष्म जीवांचें गणित बदलतें आणि पिकाला घेतां येईल असें नत्र वाढतें. आपल्याकडे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानांतील राबपद्धतीचा अभ्यास करून तो १९१२ सालीं प्रसिद्ध केला. राबाचे फायदे थोडक्यांत असे आहेत : तणांचें बीं व किडींचीं अंडीं जळतात, राखेंतून पालाश मिळतें, शेकलेली चिकण माती भुसभुशीत होते, आणि म्हणून आषाढांत रोपें उपटतांना मुळें तुटत नाहींत. शेवटचा फायदा पुस्तकांत लहान वाटतो. पण भर पावसांत दिवसभर वांकून रोपें उपटणाऱ्या बाईला विचारलें, तर ती तोच पहिला सांगेल.

राबाच्या या गरजेपायीं ठाणे जिल्ह्यांत एक मोठा झगडाहि होऊन गेला. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलें वाढत गेलीं आणि फांद्या छाटण्यावर निर्बंध आले. झाड तोडणाऱ्या व्यापाऱ्यास आणि चार फांद्या नेणाऱ्या कुणब्यास एकाच मापानें मोजलें जाऊं लागलें. लोकांनीं सभा भरविल्या, अर्ज केले. अखेर १८८५ सालीं मुंबई सरकारला चौकशीसाठीं मंडळ नेमावें लागलें व त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. सरकारनेंच १८८२ सालीं छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत राबाचें वर्णन आहे. म्हणजे ही रीत सरकारास अपरिचित होती असें नाहीं. प्रश्न एवढाच होता कीं, जंगल हें लाकडाचें कोठार समजावयाचें कीं शेताचें खतघर. हा प्रश्न अद्यापहि पुरता सुटलेला नाहीं.

तथापि राबाची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर तो एकांगीपणा होईल. जें शेण आपण जाळतों, त्यांतील नत्र धुरावाटे निघून जातें. तेंच शेण कुजवून घातलें असतें तर जमिनीचा कस वाढला असता. दरवर्षीं त्याच झाडाच्या फांद्या छाटल्या तर झाड खुरटतें. पूर्वीं जंगल मोठें आणि शेतें थोडीं होतीं, दावणीला चार-सहा गुरें होतीं, घरांत दहा माणसें होतीं. तेव्हां हा खर्च जाणवत नसे. आज दावण रिकामी आहे, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनें होते, आणि पातेरा वाहून आणणाऱ्या सुना-मुली भिवंडींत अगर कल्याणांत नोकरीस जातात. तेव्हां राब कमी झाला याचें कारण उपदेश नव्हे. तो करावयास लागणारें साहित्य व हात हींच उरलीं नाहींत.

त्याच्या जागीं काय करावें, याचा विचारहि कोंकणांतच झाला आहे. कर्जत येथें १९१९ पासून भाताचें संशोधन चाललें आहे. दापोलीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. तेथील शिफारस अशी कीं, सुमारें एक मीटर रुंदीचे उंच गादीवाफे करून त्यांत कुजलेलें खत घालावें व ओळींत बीं पेरावें. पेरणीपूर्वीं दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं टाकावें. जें तरंगेल तें पोंचट म्हणून काढून टाकावें, तळाशीं बसेल तें स्वच्छ धुऊन सावलींत वाळवावें. नेरळजवळच्या सगुणा बागेंत याच्याहि पुढें जाऊन रोपें करणें व चिखलणी हीं दोन्ही वगळणारी रीत बसविण्यांत आली. तीत कायम गादीवाफ्यांवर साच्यानें बीं टोंचतात आणि कापणीनंतर मुळें जमिनींतच ठेवतात. तींत श्रम वांचतात, मात्र तणनाशकाचा खर्च येतो. मीं गेलीं कांहीं वर्षें आमच्या दाढीच्या अर्ध्या भागांत थोडा राब व अर्ध्यांत गादीवाफे करीत आलों आहें. रोपांत मला फारसा फरक दिसला नाहीं. फरक दिसला तो निंदणींत. गादीवाफ्यांत तण अधिक येतें व त्याला हात अधिक लागतात. ज्याच्या घरीं शेण आहे पण पातेरा नाहीं, त्यानें गादीवाफे करावे हें उत्तम. परंतु कोणतीहि रीत धरा, वैशाखांत त्या चार गुंठ्यांची निगा राखावयास हवी, हा राबाचा मूळ धडा मात्र बदलत नाहीं.

राबानंतरचें दुसरें मोठें काम बांधांचें. खेंकडे व उंदीर यांनीं बांध पोखरलेले असतात. तीं बिळें खणून, चिकणमाती ठोकून बुजवावीं लागतात. पावसाळ्यांत बांध फुटला तर पाण्याबरोबर सुपीक माती आणि रोपेंहि वाहून जातात, आणि तेव्हां माती घालूं म्हटलें तरी ती टिकत नाहीं. म्हणून कोरड्या दिवसांत केलेलें एका दिवसाचें काम आषाढांतल्या आठ दिवसांची धांवपळ वांचवितें. काल्हेर, खारबांव या खाडीकडील बाजूस तर हें काम अधिक निकराचें. तेथें बांधाचा उपयोग पाणी अडविण्याइतकाच खाडीचें खारें पाणी बाहेर ठेवण्यासाठींहि असतो. एकदां भरतीचें पाणी आंत शिरलें कीं, पावसानें मीठ धुऊन निघेपर्यंत ती जमीन कामाची राहत नाहीं. हा बांध एकट्यानें राखतां येत नाहीं. सर्व खातेदारांनीं मिळूनच तो राखावा लागतो. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदा केला व १९७९ सालीं महाराष्ट्रानें नवा कायदा आणला, याचें मूळ या सामाईक जबाबदारींतच आहे.

घरांतलीं कामेंहि थोडीं नसतात. कौलें उतरवून, फुटकीं बदलून छप्पर पुन्हां शाकारणें, सरपण फोडून पडवींत रचणें, पेंढा कोरड्या जागीं हलविणें, मिरच्या व हळद कुटणें, कैऱ्यांची आंबोशी वाळविणें, सुकट-बोंबील उन्हांत खडखडीत करून डब्यांत भरणें. हा सर्व चार महिन्यांच्या पावसाचा बंदोबस्त होय. त्यांत विहिरींचें पाणी वैशाखांत तळाला जातें. मुंबईस पाणी नेणाऱ्या प्रचंड नळ्या आमच्या तालुक्यांतून जातात आणि त्यांच्या कडेनेंच डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका चालत असतात. ही तक्रार म्हणून मी सांगत नाहीं. परंतु आपल्या घरांतील नळ सोडतांना तो रस्ता आपणांस ठाऊक असावा, एवढेंच वाटतें.

या धांवपळींत आनंदहि आहे. होळीच्या सुमारास पळस व पांगारा फुलतात. चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचण्यास वारली व कातकरी कुटुंबें पहांटे रानांत जातात. चैत्री अमावास्येस वज्रेश्वरीची यात्रा भरते. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर नवस फेडण्याकरितां हें देऊळ बांधविलें. तेव्हांपासून तें साऱ्या मुलखाचें दैवत झालें आहे. यात्रेकरू जवळच्या अकलोली, गणेशपुरीच्या गरम कुंडांत स्नान करितात, बाजारांतून कोयते, पाट्या, दोर घेतात व परततात. आगरी घरांत हळद लागते, धवले म्हटले जातात. लग्नेंहि याच दिवसांत कां, तर घरांत धान्य असतें आणि शेतांत पाणी नसतें. पंचांगाइतकेंच शेतानेंहि हे मुहूर्त ठरविलेले आहेत. अक्षय्य तृतीयेस परसांत आळीं करून दुधी, पडवळ, काकडी यांचें बीं लावतात. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास रोहिणी लागली कीं, कोणी कोरड्या मातींतच धूळवाफेची पेरणी उरकतो, तर कोणी जूनच्या ७ तारखेनजीक येणाऱ्या मृगाची वाट पाहतो. लवकर पेरलेलें बीं वळिवाच्या सरीनें उगवून पुढें वाळण्याचा धोका असतो. उशीर केला तर लावणी लांबते. हा निवाडा कोणतेंहि पुस्तक करून देत नाहीं.

आतां अखेरची, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही शेती राहणार किती दिवस? मुंबईंत शिरणाऱ्या मालावर पूर्वीं जकात असे, म्हणून व्यापाऱ्यांनीं हद्दीबाहेर भिवंडीकडे गोदामें बांधलीं. १ जुलै २०१७ पासून जकात गेली, पण गोदामें वाढतच राहिलीं. महामार्ग जवळ, मुंबई जवळ आणि जागा सपाट. आपण घरबसल्या जी वस्तू मागवितां, ती पुष्कळदां माणकोली, वळ, पुर्णे, दापोडे या गांवांतील एखाद्या गोदामांतून निघालेली असते. ज्यानें जमीन दिली त्याला मी दोष देत नाहीं. दोन एकर भातानें मुलाचें कॉलेज होत नाहीं, आणि गोदामाचें भाडें दरमहा येतें.

परंतु खाचरांची एक गोष्ट कागदावर दिसत नाहीं. तीं उतारावर पायऱ्यांसारखीं असतात. वरच्याचें पाणी खालच्यांत, तेथून त्याच्या खालच्यांत, असें तें नाल्यापर्यंत जातें. मधल्या एका खाचरांत मुरुमाचा भराव पडला कीं, वरच्या शेतांत पाणी तुंबतें आणि खालचें कोरडें पडतें. मग जो शेती सोडूं इच्छीत नाहीं, त्यालाहि ती सोडावी लागते. सातबाऱ्यावर नांवें वेगळीं असलीं तरी पाणी सर्वांचें एकच असतें. म्हणून भराव घालण्यापूर्वीं पाण्याची जुनी वाट तशीच मोकळी ठेवावी, ही अट गांवानें, ग्रामपंचायतीनें आणि बांधणारानेंहि पाळावयास हवी. नाल्याएवढी मोरी ठेवण्यास गोदामाच्या खर्चाच्या मानानें फार थोडा पैसा लागतो. ती ठेवली तर शेजारचीं दहा कुटुंबें आणखी एक पिढी भात पिकवूं शकतील.

शेती टिकावी कीं बदलावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. तें ठरवितांना एवढें मात्र ध्यानांत असावें कीं, वैशाखांत उघडें व रिकामें दिसणारें खाचर पडीक नसतें. त्याचा बांध नुकताच दुरुस्त झालेला असतो, त्याच्या वांट्याचें बीं घरांत मडक्यांत असतें, आणि त्याच्या एका कोपऱ्यांत चार गुंठे जमीन पावसाकरितां तयार होऊन राहिलेली असते.